एका खोट्या मारिओची कैफियत

गेल्या वैशाखात आसनगावच्या आमच्या जुन्या घराची कौले उतरवून वर पत्रे घालावेत, असे आम्हां दोघां बंधूंच्या विचाराने ठरले. विचाराने ठरले असे म्हणण्याची रीत आहे म्हणून म्हणतो. वस्तुतः धाकट्या बंधूंनी पुण्याहून निर्णय कळवला आणि आम्ही त्यास मान डोलावली. कौलांवर आमचे प्रेम फार; परंतु अलीकडे माहुलीच्या रानातून उतरणाऱ्या माकडांचेही त्यांवर तितकेच प्रेम बसल्यामुळे पावसाळ्यात घरभर पातेली मांडून निजण्याची पाळी येऊ लागली होती. तेव्हा बंधू सहकुटुंब आले, महाविद्यालयाच्या सुटीत आम्हीही गेलो, आणि कौलांना हात लावण्यापूर्वी माळा रिकामा करण्याचे काम सुरू झाले.

माळ्यावर चढली ती आमची पुतणी. तिचे वय चौदा, आणि धुळीची तिला भीती नाही. भात मोजण्याची पायली, काड्या मोडलेली छत्री, वडिलांच्या चष्म्याचे घर, अशा वस्तू ती एकेक करून खाली देत होती आणि आम्ही त्या अंगणात मांडीत होतो. शेवटी एक पत्र्याची ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. त्या ट्रंकेत आमच्या एम. ए.च्या वह्या आहेत हे आम्हांस ठाऊक होते. वह्यांखाली काय आहे हेही ठाऊक होते. परंतु एकोणतीस वर्षांत मनुष्य आपले ठाऊक असणेही विसरू शकतो, याचा अनुभव आम्हांस त्या क्षणी आला.

"काका, हे काय आहे? धोतरात गुंडाळून ठेवलंय."

पांढरट-करड्या रंगाची एक चपटी पेटी, तिला जोडलेले दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि वायर नीट गुंडाळून ठेवलेला ॲडॅप्टर. बंधूंनी ती पेटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि मग आमच्याकडे पाहिले.

"दादा, हे जळलं होतं ना?"

या प्रश्नास आम्ही काय उत्तर दिले ते सांगण्यापूर्वी त्या यंत्राची आणि त्यातील एका विवक्षित खेळाची हकीकत सांगणे भाग आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकाने व्हिडिओ गेमवर लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. आमच्या घरातूनच अशी सूचना आली की, तुम्ही आपले हॅझलिटवर लिहावे. परंतु ज्या खेळाविषयी जगात आजतागायत एकमत झालेले नाही, आणि ज्याच्याविषयीचा वाद आमच्या ओसरीवर १९९४ सालीच रंगला होता, त्याची कैफियत लिहिण्यास आम्ही अगदीच अपात्र आहोत असे आम्हांस वाटत नाही.

वडील १९९० साली वारले. तेव्हा आम्ही एकवीस वर्षांचे होतो व बंधू दहा वर्षांचे. पुढे आम्हांस कल्याणपलीकडील एका महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली. आसनगावास त्या काळी लोकल गाड्या मोजक्याच. सकाळची एक चुकली की पहिला तास बुडालाच. तरी घर सोडून शहरात बिऱ्हाड करण्याचा विचार आम्ही केला नाही, कारण आई हलावयास तयार नव्हती. बंधू आठवीत गेले त्या वर्षी त्यांनी व्हिडिओ गेमचा हट्ट धरला. तो हट्ट आम्ही वडिलांच्या जागी बसून पुरवला, आणि आपण वडिलांपेक्षा अधिक उदार आहोत असे वाटून मनातल्या मनात सुखावलो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

ज्या वाचकांची मुले त्या दशकात वाढली त्यांस ही यंत्रे आठवत असतील. जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले. त्याच्या नकला पुढे पूर्वेकडील देशांतून सर्वत्र पसरल्या. आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी तशी यंत्रे घरोघर गेली. खेळ ज्यात भरलेला असे त्या प्लास्टिकच्या डबीस मुले 'कॅसेट' म्हणत. आमचे यंत्र आम्ही उल्हासनगरच्या बाजारातून आणले. उल्हासनगरच्या मालाविषयी त्या काळी सर्वत्र एक विनोद प्रचलित होता की, त्यावरील 'यूएसए' या तीन अक्षरांचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा घ्यावयाचा. हा विनोद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

यंत्राबरोबर शेकडो खेळांची म्हणून एक कॅसेट मिळाली. तीत वीस-पंचवीस खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. त्यांत सुप्रसिद्ध पहिला मारिओ होता: मिशीवाला एक बुटका नळजोडारी धावत सुटतो, शत्रूच्या डोक्यावर उडी मारून त्याला चिरडतो, आणि शेवटी एका कासवासारख्या राक्षसाच्या तावडीतून राजकन्येस सोडवतो. १९८५ सालच्या या खेळाने सगळ्या जगास वेड लावले होते, ते आमच्या ओसरीसही लावले. मग बंधूंस दुसरा भाग हवा झाला. आम्ही पुन्हा उल्हासनगरास गेलो आणि ही पिवळी कॅसेट घेऊन आलो. तिच्यावरील चित्र भलत्याच खेळाचे होते.

कॅसेट लावल्यावर पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर तट पडले.

खेळ सुरू होतो तो आकाशात उघडलेल्या एका दारातून. मारिओ खाली पडत येतो. समोरून एक बुरखेधारी बुटका चालत येतो. मुलांनी नेहमीच्या सवयीने त्याच्या डोक्यावर उडी मारली, तर तो चिरडला जाईना. उलट मारिओच त्याच्या डोक्यावर उभा राहून घोड्यावरल्यासारखा फिरू लागला. मुले थक्क झाली. बऱ्याच वेळाने शोध लागला तो असा की, जमिनीवर जे गवताचे तुरे दिसतात ते धरून उपटावयाचे. खालून मुळे, भोपळे असा भाजीपाला निघतो. तो डोक्यावर धरून शत्रूला फेकून मारावयाचा. नेहमीचा राक्षस नाही. वेळेचे बंधन नाही. गुणांची मोजदादसुद्धा नाही! आणि खेळावयास एकटा मारिओ नव्हे तर चौघे: मारिओ, उंच उडी घेणारा त्याचा भाऊ लुइजी, झपाट्याने भाजी उपटणारा एक छत्रीएवढ्या डोक्याचा बुटका, आणि चक्क ती राजकन्या, जी उडी मारल्यावर झगा फुलवून काही क्षण हवेत तरंगते.

बहुसंख्य मुलांचा निकाल तत्काळ लागला: हा मारिओ नव्हे. शेजारच्या घरातील एक मुलगा, जो त्या वयातही फार निश्चयी होता, त्याने सांगितले, "हा डुप्लिकेट मारिओ आहे. उल्हासनगरला बनवलाय." त्याच्या पक्षाचे म्हणणे असे की, ज्या खेळात शत्रू चिरडता येत नाही आणि गुण मिळत नाहीत, तो खेळून आपण जिंकलो हे दुसऱ्यास दाखवावयाचे कसे? या आक्षेपात वजन आहे. गुण नसलेली परीक्षा आमच्या विद्यार्थ्यांनाही रुचणार नाही.

अल्पमतात होते आमचे बंधू. त्यांस हा खेळ पहिल्यापेक्षा आवडला, आणि तो का आवडला हे त्यांस सांगता येत नसे. 'यात बघत हिंडता येतं,' एवढेच ते म्हणत. वाळू उपसत खाली खाली जावयाचे, वेलीवरून ढगांत चढावयाचे, एक गुलाबी प्राणी तोंडातून अंडे फेकतो त्या अंड्यावर उभे राहून पाणी ओलांडावयाचे. कुलूप उघडण्याची किल्ली उचलली की भिंतीवरचा एक मुखवटा जागा होऊन पाठीमागे लागे. त्या मुखवट्यास बंधू मनापासून भीत, आणि तरीही किल्ली घेतल्यावाचून राहत नसत. मुलांच्या घोळक्यात एक मुलगी होती. पहिल्या मारिओच्या वेळी ती नुसती बसून पाही. या खेळात राजकन्या घेता येते हे कळल्यावर तिने रिमोट मागून घेतला, आणि आडवी-उभी दरी तरंगत ओलांडून सगळ्या मुलग्यांना मागे टाकले. तिचे मत कोणी विचारले नाही. परंतु ती रोज येत असे.

आणि आमच्या आईचेही मत होते. आमच्या तालुक्यातील बाईने मुळे उपटणाऱ्या माणसाकडे पाहून मत दिले नाही तरच नवल. राब भाजावयाचा, त्यात रोपे वाढवावयाची, पाऊस लागला की कमरेत वाकून ती उपटून मुठी बांधावयाच्या, यात तिचे अर्धे आयुष्य गेलेले. ती म्हणाली, "तो पहिला नुसता धावत सुटतो मेला. हा निदान काही काम तरी करतो." पुढे असेही म्हणाली की, उपटलेले फेकण्यापेक्षा घरी नेले असते तर बरे.

आम्ही स्वतः कोणत्या पक्षात होतो? आम्ही बहुमताबरोबर होतो. पंचवीस वर्षांच्या ताज्या अध्यापकास नेहमीच वाटते की, प्रत्येक वाङ्मयप्रकाराचे काही नियम असतात व ते मोडणारी कृती ही दुय्यमच असली पाहिजे. आम्ही त्या पोरांपुढे ॲरिस्टॉटलचे नाव घेतले नाही, इतकेच.

आता गंमत अशी की, तो निश्चयी मुलगा बरोबर होता. खेळ खरोखरच दुसऱ्याचा वेष घेऊन आला होता. फक्त वेष बदलण्याचे काम उल्हासनगरात न होता खुद्द मूळ मालकाच्या घरी, जपानातील क्योतो शहरी झाले होते. हकीकत अशी. जपानात १९८६ साली मारिओचा खरा दुसरा भाग निघाला. तो पहिल्यासारखाच, परंतु इतका कठीण की, अमेरिकेतील निन्टेन्डोच्या मंडळींना तो आपल्या गिऱ्हाइकांना देववेना. मग त्यांनी दुसराच एक खेळ उचलला. फुजी दूरचित्रवाणीने १९८७ साली 'युमे कोजो' म्हणजे स्वप्नांचा कारखाना या नावाचे मोठे प्रदर्शन भरवले होते, त्याच्या निमित्ताने 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा एक खेळ त्याच वर्षी निघाला होता. त्यात अरबी पोषाखातील एक कुटुंब: मुलगा, त्याची प्रिया, आई आणि बाप. या चौघांचे पोषाख उतरवून मारिओ आणि मंडळींना ते अवकाश दिले, आणि १९८८ साली हा खेळ 'सुपर मारियो ब्रदर्स २' म्हणून अमेरिकेत विकला. मूळ खेळ दिग्दर्शित करणारे केन्सुके तानाबे, आणि मारिओचा जनक शिगेरू मियामोतो याचाही हात त्या मूळ खेळास लागलेला. म्हणजे खोटा म्हणावे तर घराणे तेच. पुढे १९९२ साली हा वेषधारी खेळ जपानात परत गेला तेव्हा तेथे त्याचे नाव ठेवले 'सुपर मारियो यूएसए'. वर सांगितलेल्या विनोदाचे काम येथे पडले.

तेव्हापासून आजवर जगातील खेळाडूंत दोन तट आहेत आणि ते आमच्या ओसरीवरील तटांहून निराळे नाहीत. एक पक्ष म्हणतो, हा मारिओच्या कुळात चुकून शिरलेला परका आहे. गती मंद, शत्रू अनोळखी, मारण्याची रीत विचित्र. दुसरा म्हणतो, मालिकेत याच्याइतका कल्पक भाग नाही. हा दुसरा पक्ष एक पुरावा देतो तो आम्हांस लक्षणीय वाटतो: या खेळातील ते बुरखेधारी बुटके आणि तो अंडी फेकणारा गुलाबी प्राणी पुढच्या मारिओंत असे रुळले की, ते कुठून आले हे नव्या मुलांना सांगावे लागते. शिवाय तो 'खरा' दुसरा भाग १९९३ साली अमेरिकनांस 'हरवलेल्या पायऱ्या' अशा अर्थाच्या नावाने एकदाचा मिळाला, तेव्हा अनेकांना तो पहिल्याचीच अधिक छळणारी आवृत्ती वाटला. औरस पुत्र भेटल्यावर दत्तकाची किंमत कळावी, असा हा प्रकार.

मराठी रसिकाला तर या वादाचे फारसे नवल वाटू नये. देवलांचा फाल्गुनराव आपल्या रंगभूमीवर इतका घरचा झाला आहे की, तो मोलिएरने १६६० साली रंगभूमीवर आणला, मर्फीने १७६१ साली इंग्रजीत नेला आणि मग तो आपल्याकडे पगडी घालून आला, हे वर्गात सांगितले तर विद्यार्थी आमच्याकडे चहाडखोराकडे पाहावे तसे पाहतात. 'झुंजारराव' पाहताना ऑथेल्लो आठवून रस कमी होतो म्हणणारा प्रेक्षक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. रूपांतर हे खोटे नव्हे. वेष नीट बसला की नाही एवढाच प्रश्न. हे आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. आमच्या ओसरीवर मात्र आम्हांस ते सुचले नाही.

असो. खोटेपणाचा विषय निघालाच आहे तर आता आमच्या खोटेपणाकडे वळतो.

१९९५ च्या दिवाळीत बंधू दहावीच्या वर्षात होते आणि त्या खेळाच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या, जगापर्यंत पोहोचले होते. या खेळात प्रगती जतन करून ठेवण्याची सोय नाही. वीज गेली की सगळे पहिल्यापासून, आणि आमच्याकडे वीज संध्याकाळी हटकून जाई. तरीही बंधू चिकाटीने दर वेळी आरंभापासून निघत. सहामाहीचे गुण आले ते पाहून आमची झोप उडाली. रागावून सांगितले असते, यंत्र उचलून कुलपात ठेवले असते, तर ते सरळ झाले असते. परंतु आम्हांस कठोर दिसावयाचे नव्हते. उदारपणाची चटक लागलेल्या माणसास कठोर होणे फार जड जाते. म्हणून एका सकाळी आम्ही सांगितले, "रात्री विजेचा दाब वाढला, यंत्र जळलं. कल्याणला दाखवून येतो." आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत येऊन सांगितले की, दुरुस्तीवाल्याने हात टेकले. यंत्र तेव्हा माळ्यावर, वडिलांच्या धोतरात होते.

बंधू रडले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मग कॅसेट तरी दे. दुसऱ्या कुणाकडे लावीन." कॅसेटही तिकडेच राहिली, असे आम्ही सांगितले. पहिल्या असत्याला निदान परीक्षेचे कारण होते. या दुसऱ्याला पहिल्याखेरीज काहीच कारण नव्हते. त्या परीक्षेत बंधूंना बेताचेच गुण मिळाले, हेही सांगून टाकावे.

आणखी एक गोष्ट राहिली. १९९६ च्या मे महिन्यात बंधू मुरबाडास मामांकडे गेले होते. घरी आई आणि आम्ही. पेपर तपासून कंटाळलो होतो. एका दुपारी आम्ही ट्रंक उघडली, यंत्र संचाला जोडले आणि खेळू लागलो. पहिल्या दिवशी पहिली पायरीही ओलांडवली नाही. परंतु बंधूंनी पूर्वी दाखवलेल्या काही युक्त्या ध्यानात होत्या. उदाहरणार्थ, लाल औषधाची बाटली फेकली की एक दार उगवते आणि त्यातून काळोख्या उलट्या जगात जाता येते. ठराविक ठिकाणी त्या काळोखात कुंडीत उतरले की मधली जगे टाळून एकदम पुढे निघता येते. दहा-बारा दुपारी आम्ही यात घालवल्या. आई जवळ बसून वाल सोलीत असे. यंत्र जळालेले नाही हे पाहून तिने पहिल्या दिवशी आमच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा वालात हात घातला.

एका दुपारी आम्ही शेवटी पोहोचलो. तेथे एक प्रचंड बेडूक बसलेला असतो. त्याला भाजी आवडत नाही. स्वप्ने निर्माण करणाऱ्या यंत्रातून मुळे-भोपळे बाहेर पडत राहतात, ते झेलून त्याच्या उघड्या तोंडात टाकावयाचे. भाजी खाऊन मेलेला राक्षस वाङ्मयात आमच्या पाहण्यात दुसरा नाही. तो मेला; कोंडलेल्या यक्षिणीसारख्या लहानग्या जीवांची सुटका झाली; चौघांपैकी कोणी किती वेळा कामगिरी केली याची मोजदाद झाली; आणि मग चित्र बदलून एक अंथरूण दिसले. अंथरुणात मारिओ गाढ झोपलेला. हे सारे त्याचे स्वप्न!

'तो जागा झाला आणि सर्व स्वप्न होते' या शेवटाची आमच्या विद्यार्थ्यांस चीड आहे, आणि उत्तरपत्रिकांतून ती व्यक्त होते. बन्यनने १६७८ साली तीच योजना केली, कॅरलच्या ॲलिसनेही केली. भासाच्या वासवदत्तेपाशी तर उदयनास आपण स्वप्नात आहो की जागे, हेच उमगेना. येथे मात्र एक बारीक भेद आहे: मारिओ शेवटीही जागा होत नाही. तो झोपलेलाच राहतो.

आई म्हणाली, "म्हणजे एवढा जीव काढला तो झोपेतच?" मग वालाची साले पदरात गोळा करून उठता उठता म्हणाली, "त्याला सांग हो कधीतरी."

आई २०११ साली गेली. आम्ही सांगितले नव्हते. आरंभी बंधूंच्या शिक्षणाची धांदल, मग त्यांची पुण्याच्या कारखान्यातील नोकरी, मग त्यांचे लग्न. असली क्षुल्लक गोष्ट काय काढावयाची, असे प्रत्येक वेळी वाटे. आणि ती क्षुल्लक असती तर ती काढणे इतके अवघड का जावे, हा प्रश्न आम्ही स्वतःस घातला नाही.

तर माळ्याखाली उभे राहून आम्ही म्हणालो, "नव्हतं जळलं. मी ठेवून दिलं होतं." एवढे एकच वाक्य. बंधूंनी पेटी अंगणात पायलीशेजारी ठेवली आणि ते कौलारू माणसाशी बोलावयास गेले. दुपारी जेवताना ते नेहमीपेक्षा अधिक बोलले, पण आमच्याशी नव्हे.

यंत्र नव्या दूरचित्रवाणी संचास जोडता येईना. पुतणीने बरीच खटपट केली; पडद्यावर नुसत्या पांढऱ्या मुंग्या. शेवटी ती म्हणाली की, हा खेळ तिच्या स्वतःच्या निन्टेन्डोवर आहे. जुने खेळ त्यात येतात. संध्याकाळी तिने तो लावला आणि लावता लावता त्याची कुळकथाही मोठ्याने वाचून दाखवू लागली. अरबी कुटुंबाची हकीकत आम्हांस ठाऊक होती. तिचा आरंभ ठाऊक नव्हता. मूळ खेळात म्हणे दोन भावंडे एका गोष्टीच्या पुस्तकावरून भांडतात, त्या ओढाताणीत पुस्तकाचे शेवटचे पान फाटते, आणि गोष्टीला शेवटच राहत नाही. तेव्हा तो बेडूक पुस्तकातून हात बाहेर काढून मुलांना आत ओढतो. पुतणीला हे फार आवडले. "बाबा, तुम्ही शेवट कधी पाहिलाच नाही? इंटरनेटवर एका मिनिटात दिसला असता."

"बघायचा नव्हता," बंधू म्हणाले, आणि त्यांनी रिमोट तिच्या हातून घेतला.

त्यांनी राजकन्या घेतली. पंचेचाळीस वर्षांचा, केस पिकू लागलेला माणूस झगा फुलवून दऱ्या तरंगत ओलांडीत होता. बोटे विसरली नव्हती. मुखवटा पाठीमागे लागला तेव्हा ते अजूनही अंग चोरतात, हे आमच्या लक्षात आले. पुतणी म्हणे, मारिओ असून हा मारिओसारखा नाही, मला दोन पायऱ्यांत कंटाळा येतो. तिच्या मैत्रिणीचे मत मात्र उलट. बाहेर शेवटच्या लोकलचा भोंगा झाला तेव्हा बंधू बेडकापाशी होते. दोनदा हरले. तिसऱ्या वेळी त्याच्या घशात शेवटचा भोपळा गेला. मोजदाद झाली. अंथरूण दिसले.

बंधू पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सगळं झोपेतच."

"आईसुद्धा हेच म्हणाली होती," आम्ही बोलून गेलो.

वाक्य तोंडातून गेल्यावर ते परत घेता येत नाही. बंधूंनी मान वळवली.

"आईनं कधी पाहिला?"

आम्ही सांगितले. मुरबाड, मे महिना, पेपर, दहा-बारा दुपारी, कुंड्यांची युक्ती, वाल. काही गाळले नाही. 'त्याला सांग हो' हेही गाळले नाही. आमच्या घरातून हे सर्व प्रथमच ऐकले जात होते, त्यामुळे ओसरीच्या दारात एक पाणी भरण्याचे तपेले बराच वेळ तसेच धरलेले राहिले. पुतणी एकदा बापाकडे, एकदा आमच्याकडे पाहत होती.

"मी सातव्यात होतो," बंधू म्हणाले. "आणि तू वर बसून शेवट बघितलास."

"हो."

"आई हसली का रे?"

"हसली नाही. मारिओची कीव आली तिला."

बंधू काही बोलले नाहीत. पडद्यावर मारिओ झोपलेला होता आणि त्याच्या डोक्यावर स्वप्नाचा फुगा. मग त्यांनी खेळ पुन्हा आरंभास नेला, रिमोट आमच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाले, "दाखव. कसा पोचलास बघू. तुला तर उडी मारता येत नव्हती."

आम्ही लुइजी घेतला. आकाशात दार उघडले. चष्मा आत राहिला होता, तो पुतणीने आणून दिला. तोपर्यंत लुइजी पहिल्याच टेकडीवरून खाली गेला होता.